भरीत, भाचा आणि ‘ड्राय’ रीसलिंग

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दीपनगरहून फोन आला. औष्णिक विद्युत केंद्रात, बॉयलरच्या बाजूला ज्यांची उभी हयात गेली, अशा एका जुन्या रुग्णाच्या पत्नीचा.

“डॉक्टर, यांचा भाचा जर्मनीहून आलाय, नाताळच्या सुटीत. उद्या शेतात भरीत पार्टी ठरलीय. त्याने एक बाटली आणलीय वाइनची. म्हणतो, मामा, ही ड्राय आहे, हिच्यात साखरच नसते, तुम्हाला चालते. खरं का हो?”

मामांना शुगर आहे, अकरा वर्षांपासून. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी जोडगोळी चालू आहे. पथ्य बऱ्यापैकी पाळतात. भरीत पार्टी हा त्याला अपवाद. मी वहिनींना बाटलीवरचा कागद वाचायला सांगितला. त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं: मोझेल, रीसलिंग, आणि खाली ट्रॉकन. भाचा खोटं बोलत नव्हता. ट्रॉकन म्हणजे जर्मन भाषेत कोरडी, ड्राय. पण “चालते” हा जो शेवटचा शब्द होता, त्यावर मला त्यांच्याशी वीस मिनिटं बोलावं लागलं. ते बोलणं इथे जरा सविस्तर लिहितो, कारण परदेशातून येणाऱ्या मुलाबाळांच्या बॅगेतून अशा बाटल्या आता आपल्या घराघरांत येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्यासोबत हा ‘ड्राय’ शब्दही.

आपल्याला ड्राय शब्द माहीत आहे तो ड्राय डे मधला. किंवा वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांमधला. वाइनच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की द्राक्षातली साखर किण्वाने, म्हणजे यीस्टने, जवळजवळ सगळी खाऊन टाकली आहे. जिभेला गोडी लागत नाही. जर्मनीत ट्रॉकन लिहायचं असेल तर लिटरमागे उरलेली साखर ४ ग्रॅमपर्यंत असावी लागते. आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत सूट मिळते, आणि रीसलिंग मुळातच आंबट असल्याने तिला ही सूट सहसा मिळते. दीडशे मिलीचा एक ग्लास धरला तर साखर जास्तीत जास्त १.३५ ग्रॅम. पाव चमच्याच्या आसपास. चहातल्या साखरेपुढे हे काहीच नाही. इथवर भाच्याचं गणित बरोबर.

पण साखर गेली कुठे? ती हवेत उडाली नाही. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे बारा टक्क्यांच्या बाटलीत आधी लिटरला दोनशे ग्रॅम साखर होती, तिचंच रूप बदललं. एका ग्लासात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं आणि त्याचे उष्मांक होतात शंभर. तुलनेसाठी सांगतो, ६० मिली व्हिस्कीत अल्कोहोल सुमारे २० ग्रॅम असतं, आणि साडेसहाशे मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ४० ग्रॅम. वाइन म्हणजे हलकं, सरबतासारखं, असं समजून अख्खी बाटली संपवली तर पोटात ७० ग्रॅम जातं. हे हलकं नव्हे.

मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत खरी भीती साखर वाढण्याची नसते. साखर घसरण्याची असते, आणि हे बहुतेकांना उलटं वाटतं. आपलं यकृत रात्रभर रक्तात थोडी थोडी साखर सोडत असतं. साठा संपला तर नवी तयार करतं. अल्कोहोल आलं की यकृत ते मोडायच्या मागे लागतं आणि नवी साखर बनवण्याचं काम थांबतं. ताशी सात ते दहा ग्रॅम एवढाच त्याचा वेग, म्हणजे एका ग्लासाला दीड-दोन तास, तीन ग्लासांना अर्धी रात्र. इकडे ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन आपलं काम करतच असतं. येणारी साखर बंद, जाणारी चालू. रात्री दोन-तीनला घाम, थरथर, बडबड, आणि घरचे म्हणतात, “जास्त झालीय, झोपू द्या.” तोंडाला वास येत असतो ना. उतरलेली साखर आणि चढलेली दारू बाहेरून सारखीच दिसते. माझ्या पाहण्यात असे दोन रुग्ण आलेत, दोघेही सकाळी आणलेले. एक जण वाचला.

म्हणून ‘ड्राय आहे, चालते’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. त्यात साखरेचा हिशेब आहे, अल्कोहोलचा आणि गोळीचा नाही.

वहिनींना मी जे सांगितलं ते असं. आजवर घेत नसतील तर आता सुरू करण्याचं काहीच कारण नाही. मामा वर्षाकाठी चार-दोन वेळा घेणारे, आणि उद्या भाच्याचं मन मोडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. तेव्हा, उपाशीपोटी नको. भाकरी पोटात गेल्यावरच. अर्धा ग्लास, फार तर एक. झोपताना साखर तपासा, शंभरच्या आसपास असेल तर काहीतरी खाऊन झोपा, आणि रात्री एकदा उठून पाहा. गाडी दुसऱ्याने चालवायची. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही आपल्याकडची कायद्याची मर्यादा फार खालची आहे आणि रात्रीचा महामार्ग तुम्ही जाणताच. राज्यात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो हेही सांगितलं. त्यावर त्या हसल्या. शेवटी म्हणाल्या, “मग तुम्हीच या उद्या.”

गेलो.

भरीत पार्टीचं वर्णन खानदेशच्या वाचकाला काय सांगायचं! पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात हिरवी-पांढरी भरताची वांगी. २०१६ साली जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला त्याची गरज कुठे होती? भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सढळ तेल. सोबत कळण्याच्या भाकरी, बिबडे, आणि हौस म्हणून कोणीतरी आणलेली शेवभाजी. रस्सा असा लाल, की बघूनच कान गरम व्हावेत.

भाच्याने बाटली बर्फात ठेवली होती. मोठ्या अभिमानाने तो सांगत होता, की तिकडे जाणकार लोक म्हणतात, भारतीय तिखट जेवणाबरोबर रीसलिंगच हवी. हे विधान अर्धं खरं आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग समजून घ्यायला जरा जिभेच्या विज्ञानात शिरावं लागेल.

तिखट ही चव नाही, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना झोंबतं, त्यांवर एक ग्राहक बसलेला असतो, टीआरपीव्ही-१ नावाचा. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी, आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत विभागून, मिळालं. हा ग्राहक खरं म्हणजे उष्णता ओळखण्यासाठी आहे. साधारण ४२-४३ अंशांच्या वर गेलं की तो मेंदूला ओरडून सांगतो, भाजतंय! कॅप्सेसिन त्यालाच चिकटतं, म्हणून थंड ठेचा खाल्ला तरी तोंड ‘पोळतं’.

आता त्यात अल्कोहोल घाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की अल्कोहोलमुळे हा उंबरठा ४२ अंशांवरून ३४ अंशांच्या आसपास उतरतो. आपल्या तोंडाचं तापमानच ३५-३६ असतं. म्हणजे काहीही गरम नसताना गरमची घंटा वाजायला लागते. जखमेवर स्पिरिट लावलं की आग होते, ती यामुळेच.

मामा एवढा वेळ भाकरी मोडत ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे ट्रिपचं सेटिंगच खाली आणलं म्हणा ना. बॉयलर ठीक आहे, पण अलार्म वाजतोय.”

मी हे उदाहरण यापुढे सगळीकडे वापरणार आहे.

पुढची गोष्ट आंबटाची. हा ग्राहक आम्लानेही चेततो. म्हणजे अल्कोहोल आणि आंबटपणा, दोन्ही तिखटाची आग वाढवणारे. आणि कोरडी रीसलिंग म्हणजे नेमकं काय? बारा टक्के अल्कोहोल आणि लिटरला सात-आठ ग्रॅम आम्ल, जवळपास लिंबाच्या पातळ पाण्याइतकं आंबट. आगीवर विझवायला नेलेल्या बादलीत थोडं रॉकेलच! भाच्याने शेवभाजीचा घास घेऊन वर घोट घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. एवढी वर्षं तिकडे राहून सवयही मोडली असावी, पण मुख्य दोष जोडीचा.

जर्मनांची तिखटाबरोबर रीसलिंग म्हणून जी कीर्ती आहे, ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारची: जिच्यात लिटरला पंचवीस-तीस किंवा त्याहून जास्त ग्रॅम साखर उरलेली आहे आणि अल्कोहोल फक्त आठ-नऊ टक्के. साखर तिखटाचा दाह कमी करते, अल्कोहोल कमी असल्याने सेटिंग फारसं खाली येत नाही, आणि थंडगार दिल्याने ग्राहक थोडा शांतही होतो. जिभेला हीच जोडी योग्य. पण मामांच्या शुगरला ती अजिबात नको. म्हणजे पेच असा, की जी बाटली मधुमेहाला त्यातल्या त्यात बरी, ती तिखटाला वाईट. जी तिखटाला बरी, ती मधुमेहाला वाईट. दुकानदार किंवा भाचा, दोघांपैकी कोणीही हे एका दमात सांगत नाही.

तिखट विझवायचंच असेल तर त्याला स्वस्त उपाय आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात लोकांना तिखट पाजून त्यावर निरनिराळी पेयं देऊन पाहिली. दूध सगळ्यांत सरस ठरलं. साय काढलेलं दूधही जवळपास तितकंच. म्हणजे काम स्निग्धांशाचं कमी आणि दुधातल्या प्रथिनाचं जास्त असावं. ते कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं. ताकातही तेच प्रथिन असतं. शेवभाजीवर ताक, हे आपल्या आज्यांना ग्राहक-बिहक न शोधता कळलेलं होतं.

मग ही कोरडी आंबट वाइन आपल्या ताटात कुठे बसते? मला विचाराल तर आधी बिबड्यांबरोबर. खारट, कुरकुरीत, तळलेलं, आणि त्यावर थंड आंबट घोट. मीठ आंबटपणाची धार बोथट करतं. भरिताशीही जमतं, पण मिरच्या अर्ध्या केल्या तर. वांग्याच्या धुरकट वासावर आणि तेलावर लिंबू पिळल्यासारखा परिणाम होतो. वरण-बट्टीवर तुपाची धार असते, तिथेही हा आंबटपणा तोंड मोकळं करतो. आणि तापीतले मासे, हळद-मीठ लावून तळलेले, काळा मसाला न घालता, ही बहुधा सर्वांत चांगली जोडी. माशाबरोबर पांढरी वाइन ही निव्वळ साहेबी फॅशन नाही. जपानमधल्या एका वाइन कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की वाइनमधलं लोह माशातल्या तेलाशी संयोग पावून तो नकोसा उग्र वास तयार करतं, आणि लोहाचं प्रमाण लाल वाइनमध्ये सहसा जास्त असतं.

गोड पदार्थांबरोबर मात्र नकोच. मांडे, खापरावरची पुरणपोळी, आमरस यांवर कोरडी वाइन घेतली तर ती चिंचेच्या कोळासारखी लागते, कारण आधीच्या गोडाने जीभ साखरेला बधिर झालेली असते आणि फक्त आंबट उरतं. पुरणपोळीवर लिंबू-सरबत पिऊन पाहा, म्हणजे कळेल.

मध्येच मामांनी ग्लास नाकाशी नेला आणि कपाळाला आठी घातली. “याला रॉकेलचा वास येतोय रे.” भाचा ओशाळला, त्याला वाटलं, बनावट माल मिळाला. तसं नव्हतं. रीसलिंगची ती जुनी खूण आहे. द्राक्षाच्या सालीत गाजरासारखीच कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात. ती मोडून पुढे बाटलीत मुरताना टीडीएन नावाचं एक संयुग बनतं, त्याला हुबेहूब रॉकेलचा वास असतो. मात्रा अगदी सूक्ष्म, अपाय काही नाही. घडांवर ऊन जितकं जास्त पडलं, तितकं ते जास्त तयार होतं.

आणि हे ऊनच या द्राक्षाची सगळी कहाणी ठरवतं. जर्मनीतला सर्वांत जुना लेखी उल्लेख १४३५ चा, ऱ्हाइन-माइन नद्यांच्या परिसरातल्या रुसेल्सहाइम इथल्या एका खर्चवहीत: रीसलिंगची रोपं विकत घेतल्याचा. मोझेल नदीचं खोरं उत्तर अक्षांश पन्नासच्या आसपास येतं. आपण एकवीसवर. तिकडे ऊन इतकं तुटपुंजं, की नदीकाठच्या उभ्या चढांवर, काळ्या पाटीच्या दगडात वेल लावतात, म्हणजे दगड दिवसा तापून रात्री ऊब देतो. तिथल्या काल्मोंट टेकडीचा चढ साठ अंशांच्याही वर जातो. तोडणीला माणसं अक्षरशः लटकतात. थंडीमुळे द्राक्षातलं मॅलिक आम्ल टिकून राहतं. उष्ण रात्री वेल तेच आम्ल श्वसनात जाळून टाकतो. भुसावळच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, वेलीला असला आंबटपणा जपणं शक्य नाही.

नाशिकचं वेगळं. दीपनगरपासून अडीचशे किलोमीटर, पण उंची सहाशे मीटरच्या घरात आणि हिवाळी रात्री चांगल्या थंड. द्राक्षवाले तिथे वर्षातून दोनदा छाटणी घेतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. म्हणजे युरोपात उन्हाळ्यात पिकणारं फळ इथे थंडीत पिकवून जानेवारी ते मार्चमध्ये काढायचं. ही युक्ती खाण्याच्या द्राक्षांसाठी रुळलेली होती, वाइनवाल्यांनी ती उचलली. नारायणगावच्या इंडेजने ऐंशीच्या दशकात सुरुवात केली, २००० च्या सुमारास सुला आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. सुलाने पुढे रीसलिंगही लावून बाजारात आणली. तरी इथल्या पांढऱ्या वाइनचा भार शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांक या उष्णता जरा जास्त सोसणाऱ्या जातींवरच आहे, आणि ते शहाणपणाचंच आहे.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. “वाइन म्हणजे दारू नाही” हे वाक्य तेव्हाच कानावर पडलं. शेतकऱ्याच्या फायद्याची बाजू मी समजू शकतो. पण वैद्यकाच्या पुस्तकात त्या वाक्याला जागा नाही. रेणू तोच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्याच रांगेत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं, की आरोग्यासाठी सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही. रोज एक ग्लास हृदयाला चांगला, ही नव्वदच्या दशकात गाजलेली कल्पना आता फार लंगडी झाली आहे. थोडी पिणाऱ्यांची प्रकृती चांगली दिसायची, कारण ती मंडळी सुस्थितीतली असायची आणि न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले जायचे. ज्या रेझव्हेरॅट्रॉलचं एवढं कौतुक होतं, ते लाल द्राक्षाच्या सालीत असतं. पांढरी वाइन रस सालीपासून वेगळा करूनच आंबवतात, त्यामुळे तिच्यात ते नावालाच उरतं.

जाता जाता आणखी दोन-तीन गोष्टी. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल या जुलाबावरच्या गोळ्या चालू असताना मद्य टाळा. यकृताला सूज, चरबी किंवा कावीळ असेल तर एक थेंबही नको. दम्याच्या काही रुग्णांना वाइनमधल्या सल्फाइटने धाप लागते. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, वाचा. आणि इतक्या आंबट पेयानंतर लगेच दात घासू नका. आम्लाने मऊ झालेलं दातांचं आवरण ब्रशने खरवडलं जातं. अर्धा तास थांबा, तोवर साध्या पाण्याने चूळ भरा.

शेतात त्या दिवशी मामांनी दीड भाकरी खाल्ल्यावर अर्धा ग्लास घेतला, बिबड्याबरोबर. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी ताकाचा तांब्या पुढे ओढला. गाडी पुतण्याने चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. “झोपताना एकशे अठरा होती, म्हणून खायला काही दिलं नाही. अडीचला मीच उठले, बोट टोचलं. ब्याऐंशी. मग दूध-बिस्किट दिलं, चारला पुन्हा बघितली, एकशे सहा.”

अर्ध्या ग्लासावर, पोटभर जेवणानंतर, अकरा वर्षांच्या सवयीच्या गोळीवर, ब्याऐंशी. तिथेच थांबली असती की आणखी उतरली असती, कोण सांगणार? झोपतानाच्या एकशे अठराला काहीतरी खायला द्यायला हवं होतं. मी शंभर म्हणालो होतो, आता अशा रुग्णांना दीडशेच्या आत असेल तरी खा, असं सांगतो.

“आणि बाटली?” मी विचारलं.

“अर्धी आहे फ्रीजमध्ये. भाचा हतनूरला गेलाय, मासे आणायला. यांना म्हटलं, मासे तुमचे, बाटली त्याची.”